रेघ चुकली, मेंदू नाही!

एमआरआयमधून मेंदूचा थ्री-डी नकाशा काढणारं सॉफ्टवेअर भन्नाट आहे. पण ते चुकतं. मग कुणीतरी माणूस माऊस हातात घेऊन त्याची चूक सुधारतो. हे काम नक्की चालतं कसं, ते बघायला गेले आणि स्क्रीनवर निघाला माझाच मेंदू...

रविवारची सकाळ. बंगळुरूच्या मल्लेश्वरममधला दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके. हातात स्टीलच्या पेल्यातली फिल्टर कॉफी आणि समोर लॅपटॉपवर गोल गोल फिरणारा एक मेंदू. करडा, सुरकुतलेला, अगदी बायोलॉजीच्या पुस्तकातल्यासारखा. फरक इतकाच, की हा माझा होता!

"सॉलिड दिसतोय!" मी म्हटलं. ताई हसली आणि तिनं एक बटण दाबलं. करड्या मेंदूवर रंग चढले. वरचा थर जिथे जाड तिथे लाल, पातळ तिथे निळा, असे रंग तिनं लावले होते. बहुतेक सगळा भाग हिरवा होता. पण डाव्या बाजूला, कानाच्या पुढे जिथे टेम्पोरल लोबचं टोक येतं, तिथे एक गडद निळा डाग.

माझी कॉफी तिथेच राहिली.

कारण सांगते. ताई म्हणजे माझी मावसबहीण. म्हणजे आमची आजी एकच. तिची शेवटची सहा वर्षं अल्झायमरमध्ये गेली. आधी ती गॅस बंद करायला विसरली, मग घराचा रस्ता, मग आमची नावं. शेवटी शेवटी ताईला विचारायची, "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?" त्यानंतर ताई इंजिनीअरिंग करून थेट मेंदूच्या संशोधनात शिरली आणि मी रात्री-अपरात्री नेटवर या आजाराबद्दल वाचत बसायला लागले. त्यामुळे अल्झायमरमध्ये टेम्पोरल लोबचा आतला भाग लवकर झिजायला लागतो, हे मला तोंडपाठ होतं.

"ताई, हा डाग..."

"तुझ्या मेंदूत नाहीये गं तो," ती म्हणाली. "रेघेत आहे. थांब, दाखवते."

तीन क्रेडिट कार्डं, बस्स!

आधी थोडं बॅकग्राउंड. ताई ज्या संशोधन केंद्रात काम करते, तिथे वेगवेगळ्या वयाच्या निरोगी माणसांचे एमआरआय काढले जातात. आजारी मेंदू ओळखायचा तर निरोगी मेंदू कसा दिसतो हे आधी माहीत हवं ना! मी तिथे व्हॉलंटियर म्हणून गेले होते. ओळखीची म्हणून माझा स्कॅन ताईच्या टेबलावर जाणार नव्हता. पण माझी कॉपी मला सीडीवर मिळाली आणि ती आम्ही घरी, तिच्या स्वतःच्या लॅपटॉपवर लावली. सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आदल्या रात्री चालू करून झोपलो, सकाळी मेंदू तयार!

या सॉफ्टवेअरचं नाव फ्रीसर्फर. अमेरिकेत बोस्टनमधल्या चार्ल्सटाउन भागात, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या मार्टिनोस सेंटरमध्ये ते वाढलं. ब्रूस फिशल, अँडर्स डेल आणि मार्टिन सेरेनो यांचे त्यामागचे मूळ पेपर १९९९ मध्ये छापून आले. २००० मध्ये फिशल आणि डेल यांनी एमआरआयवरून कॉर्टेक्सची जाडी कशी मोजायची ते दाखवलं. आज जगभरातल्या लॅब ते वापरतात.

कॉर्टेक्स म्हणजे मेंदूचा बाहेरचा करडा थर. विचार, भाषा, आठवणी, सगळी धावपळ तिथली. घड्या उलगडून सपाट अंथरला तर साधारण वर्तमानपत्राच्या मोठ्या पानाएवढा होईल. पण जाडी? सरासरी अडीच मिलिमीटर. पाकिटातली तीन क्रेडिट कार्डं एकावर एक ठेवा, झाला तुमचा कॉर्टेक्स!

आता गंमत बघा. एमआरआयचं चित्र छोट्या छोट्या ठोकळ्यांचं बनलेलं असतं. त्यांना व्होक्सेल म्हणतात. फोटोतला पिक्सेल चपटा, हा घनाकृती. एक व्होक्सेल साधारण एक मिलिमीटरचा. फ्रीसर्फर सगळा स्कॅन २५६ बाय २५६ बाय २५६ अशा पेटीत बसवतं, म्हणजे झाले १ कोटी ६७ लाखांवर ठोकळे. आणि त्यात तुमचा कॉर्टेक्स जेमतेम दोन-तीन ठोकळे जाड!

या थराची जाडी मोजायला सॉफ्टवेअर दोन रेघा आखतं. एक आतली, पांढरा भाग संपून करडा सुरू होतो तिथली. दुसरी बाहेरची, करडा भाग संपतो तिथली. दोन्हींमधलं अंतर म्हणजे जाडी. रेघा ठोकळ्यांच्या मधूनही जाऊ शकतात, म्हणून मिलिमीटरच्या अंशापर्यंत माप मिळतं. पण रेघ एकच ठोकळा जरी सरकली, तरी जाडीचा तिसरा हिस्सा इकडचा तिकडे. आणि आजारी आणि निरोगी गटांमधला जो फरक संशोधक शोधत असतात, तो बऱ्याचदा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा असतो.

आता कळलं ना, रेघेचं एवढं टेन्शन का?

नारळ सोलताना...

ताईनं थ्री-डी मेंदू बाजूला सारला आणि साधे ब्लॅक अँड व्हाइट काप उघडले. आतली रेघ पिवळी, बाहेरची लाल. ती एकेक काप पुढे सरकवत गेली. कुठे गडबड आहे ते मला काही दिसेना.

"नारळाची पाठ कधी सोललीस?" तिनं विचारलं. "करवंटी निघते, पण खोबऱ्यावरची तपकिरी साल चिकटून राहते. मग ती सुरीनं काढायची. सुरी खोल गेली तर खोबरं जातं. वर राहिली तर साल तशीच. हेही तसंच आहे."

सॉफ्टवेअरचं सुरुवातीचं एक काम म्हणजे चित्रातून कवटी, डोळे, त्वचा सगळं सोलून फक्त मेंदू ठेवणं. माझ्या डाव्या टेम्पोरल लोबच्या टोकाशी सुरी खोल गेली होती. मूळ चित्रात तिथे मस्त करडा थर होता. सोललेल्या चित्रात तो अर्धा गायब! जे चित्रात उरलंच नाही, तिथे लाल रेघ जाणार कशी? ती आतच थांबली. दोन रेघा जवळ आल्या, जाडी कमी भरली, आणि नकाशावर उमटला निळा डाग.

मी इतका मोठा श्वास सोडला, की ताईला हसू आलं. दुरुस्ती तशी साधी होती. न सोललेल्या चित्रातून ते हरवलेले ठोकळे उचलायचे आणि सोललेल्या चित्रात परत रंगवायचे. एकेका कापात. तेरा कापांत मिळून अर्धा तास गेला.

"झालं? आता परत रन करूया!" मी घाईघाईनं म्हटलं.

ताईनं माऊसवरचा हात काढला. "एक विचारू? तो डाग लाल असता, म्हणजे जाडी जास्त आली असती, तर तू विचारलं असतंस का?"

मी गप्प.

तिनं मेंदू फिरवून उजवी बाजू समोर आणली. कपाळाच्या खाली, डोळ्याच्या वरच्या भागात एक लाल पट्टा होता. मघाशी मीही बघितला होता. बघून मनातल्या मनात खूशसुद्धा झाले होते. इथे तर आपला कॉर्टेक्स एकदम जाडजूड!

तिथे साल राहिली होती. मेंदूभोवती ड्यूरा नावाचं चिवट आवरण असतं. या प्रकारच्या स्कॅनमध्ये ते कॉर्टेक्ससारखंच करडं दिसतं. सॉफ्टवेअरनं त्यालाच कॉर्टेक्स समजून लाल रेघ बाहेर नेली होती. ताईनं ते ठोकळे खोडले. खोडण्याआधी प्रत्येक जागा तीन दिशांनी बघितली, आधीचा आणि नंतरचा काप तपासला, मधली काळसर फट खरंच आहे ना याची खात्री केली. मग सॉफ्टवेअर पुन्हा चालू केलं आणि आम्ही जेवायला बाहेर पडलो.

संध्याकाळी नवा नकाशा आला. निळा डाग गेला होता. लाल पट्टाही गेला होता. मला पहिल्याचा आनंद झाला आणि दुसऱ्याचं किंचित वाईट वाटलं. खरं सांगते.

लाडू की मेदुवडा?

ताईचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. तो फक्त माझ्यापुरता नव्हता. तिचं सगळं काम त्या एका प्रश्नाभोवती फिरतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला शिकाऊ लोकांसाठी ठेवलेले सरावाचे स्कॅन उघडून दिले. म्हणाली, "कर तू." मला वाटलं, फोटोशॉपसारखंच असणार. काय अवघड आहे!

पहिली केस. टेम्पोरल लोबच्या टोकाशी पांढरा भाग मशिनमध्ये जरा काळसर आला होता. सॉफ्टवेअर पांढऱ्या भागाची उजळता ११० या आकड्यावर आणायचा प्रयत्न करतं. इथे ती खालीच राहिली, म्हणून पिवळी रेघ टोकापर्यंत पोचलीच नव्हती. यावर उपाय म्हणजे कंट्रोल पॉइंट्स. 'हे ठिकाण पांढरंच आहे, इथे ११० धर' असं सॉफ्टवेअरला सांगणारे ठिपके. मी उत्साहानं टाकले दहा-बारा. रन केलं. पिवळी रेघ अशी काही फुगली, की कॉर्टेक्सच खाऊन टाकला! माझे तीन ठिपके करड्या भागात पडले होते. नियम असा, की ठिपका फक्त तिथेच टाकायचा, जिथे पांढरं असल्याची शंभर टक्के खात्री आहे आणि आकडा ११० च्या खाली आहे. काठावर, 'असेल बहुतेक' म्हणून टाकायचा नाही.

दुसरी केस आणखी मजेशीर. मेंदूच्या एका अर्ध्या भागाचा पृष्ठभाग कितीही सुरकुतलेला असला, तरी हवा भरून फुगवला तर त्याचा चेंडू व्हायला हवा. म्हणजे लाडवाचा आकार. पण शेजारच्या दोन घड्यांमध्ये चुकून दोन-चार ठोकळे पांढरे धरले गेले, की मध्ये पूल तयार होतो आणि लाडवाचा होतो मेदुवडा! गणितात यासाठी ऑयलर नंबर नावाचं माप आहे. लाडवाचं उत्तर २, एका भोकाच्या वड्याचं ०. सॉफ्टवेअर ही भोकं मोजतं आणि बरीचशी आपणच बुजवतं. पण पूल तोडायचा की भोक भरायचं, हा निर्णय कधी कधी उलटा घेतं आणि चांगली घडीच कापून टाकतं. तेव्हा माणसानं जाऊन तो पूल हातानं पुसायचा असतो. अवघे दोन ठोकळे पुसले आणि एक अख्खी घडी परत आली. तेव्हा मी चक्क टाळी वाजवली.

पण तिसऱ्या केसला मी अडकले. हा करडा पट्टा कॉर्टेक्स की ड्यूरा? दहा मिनिटं बघितलं. शेवटी म्हटलं, "ताई, हा माणूस पेशंट आहे का? म्हणजे थर पातळ असणार का, ते तरी सांग."

"तेच तर सांगायचं नसतं," ती म्हणाली.

तिच्या लॅबमध्ये स्कॅनवर फक्त कोड नंबर असतो. वय नाही, आजार नाही, नाव तर नाहीच. कारण दुरुस्ती करणाऱ्याला जर ठाऊक असेल, की हा अल्झायमरचा पेशंट आहे, तर रेघ आत ओढायचा मोह होतो. निरोगी म्हटलं, की बाहेर. कुणी मुद्दाम करत नाही. मी तरी कुठे मुद्दाम केलं होतं? निळा डाग दिसल्यावर घाबरून चूक शोधली आणि लाल पट्टा दिसल्यावर गप्प बसले. हेच शंभर स्कॅनवर झालं, तर अभ्यासाचा निष्कर्ष आपल्याला हवा तसाच येणार. आणि त्यावर विश्वास ठेवून कुणीतरी औषधं शोधायला निघणार.

हलू नका, प्लीज!

बरं, चुका फक्त रेघेच्याच नसतात. २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तेच स्कॅन फ्रीसर्फरच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांतून काढले. जुन्या आणि नव्या आवृत्तीच्या आकड्यांत मेंदूच्या भागांच्या आकारमानात सरासरी ८.८ टक्के आणि जाडीत २.८ टक्के फरक आला. मेंदू तोच! कॉम्प्युटर आणि ऑपरेटिंग सिस्टीम बदलली तरी आकडे हलले, जरा कमी इतकंच. म्हणून एक अभ्यास सुरू केला, की तो संपेपर्यंत आवृत्ती आणि मशीन बदलायची नाहीत, हा या क्षेत्रातला पक्का नियम.

त्याहून वाईट शत्रू म्हणजे हालचाल. २०१५ मध्ये मार्टिनोस सेंटरच्याच संशोधकांनी निरोगी लोकांना मशिनमध्ये मुद्दाम मान हलवायला सांगितली. जितकी हालचाल जास्त, तितका कॉर्टेक्स पातळ भरला. म्हणजे हालचाल दिसते झिजेसारखी. आता विचार करा, मशिनमध्ये जास्त कोण हलणार? लहान मुलं, म्हातारी माणसं, गोंधळलेले पेशंट. माझी आजी तर पाच मिनिटंसुद्धा स्वस्थ पडली नसती. तिचा मेंदू खरोखर झिजला होता तेवढा झिजलेला दिसलाच असता, पण वर तिच्या अस्वस्थपणाचीही भर पडली असती. आणि हातानं कितीही ठोकळे रंगवले, तरी धूसर झालेलं चित्र स्पष्ट होत नाही.

मग दुरुस्त करायचं तरी किती? यावर तज्ज्ञांमध्येही वाद आहेत. शंभर स्कॅन असतील तर एकेक काप बघता येतो. पण ब्रिटनच्या यूके बायोबँकनं एक लाख लोकांचे स्कॅन घेतले आहेत. तिथे प्रत्येक ठोकळ्यामागे कोण धावणार? अशा ठिकाणी प्रोग्रॅमच वाईट स्कॅन हुडकतात आणि ते बाजूला काढले जातात. २०२० मध्ये जर्मनीतल्या बॉनच्या संशोधकांनी फास्टसर्फर आणलं. ते डीप लर्निंगवर चालतं आणि तासन् तासांच्या कामातला मोठा भाग मिनिटांवर आणतं. मला वाटलं, चला, ताईची नोकरी गेली! ती शांतपणे म्हणाली, "फास्ट आहे, छान आहे. पण त्यानं काढलेली रेघही कुणीतरी बघायलाच हवी ना? मशीन कधी म्हणत नाही, की मला इथे नक्की माहीत नाही. चुकलेला मेंदूसुद्धा तितकाच देखणा दिसतो."

चौकट : रंगीत मेंदू बघताना

पेपरात, टीव्हीवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर 'अमुक केल्यानं मेंदू आकसतो' अशी रंगीत चित्रं येतात. ती पुढे ढकलण्याआधी तीन गोष्टी विचारा. लोक किती होते? खराब स्कॅनचं काय केलं? आणि दुरुस्ती करणाऱ्याला कोण कुठल्या गटातलं हे ठाऊक होतं का? आणखी एक. फ्रीसर्फरसारखी सॉफ्टवेअर संशोधनासाठी आहेत. एकट्या माणसाला आजार आहे की नाही, हे त्यांच्या रंगांवरून ठरत नाही. विसरभोळेपणाची काळजी वाटत असेल तर सरळ न्यूरॉलॉजिस्टकडे जा.

तिची वही

निघायच्या दिवशी ताईला भेटायला तिच्या ऑफिसात गेले. स्कॅन बघायची परवानगी मला नव्हती, पण तिनं तिची वही दाखवली. साधी, दोनशे पानी, आखलेली. प्रत्येक ओळीत कोड नंबर, कापाचा नंबर, काय केलं, आणि शेवटचा रकाना : का केलं. तो कधीच रिकामा सोडायचा नाही. काही ओळींत त्या रकान्यात लिहिलं होतं, 'खात्री नाही, हात लावला नाही.' अशा ओळी मोजल्या नाहीत, पण कमी नव्हत्या. अशा जागा मग दुसऱ्या कुणाकडे जातात, तिचं मत न सांगता.

"आणि दोघांचंही एकमत झालं नाही तर?"

"मग स्कॅन बाद. आकडा गेला तर चालतो. खोटा आकडा राहिलेला चालत नाही."

माझ्या स्कॅनचं काय झालं? आम्ही घरी केलेली दुरुस्ती अर्थातच आमच्यापुरती होती. केंद्रात तो दुसऱ्याच कुणाकडे गेला. मुंबईला परतल्यावर आठवड्यानं मला फोन आला. स्कॅन बाद! कारण : हालचाल. मला लगेच आठवलं. मशीन धडधडत असताना घसा खवखवला होता आणि मी दोनदा खोकले होते. दोनदाच! मला आधी रागच आला. एवढा निळा डाग घालवला, लाल पट्टा घालवला, आणि आता म्हणतात सगळाच नको? मग वाटलं, बरोबरच आहे. तो नीट झालेला हिरवागार नकाशा मला आवडला होता, एवढंच. तो खरा होता की नाही, हे मला कुठे माहीत होतं?

महिन्याभरानं कामासाठी पुन्हा बंगळुरूला जाणं झालं, तेव्हा दुसऱ्यांदा आत गेले. यावेळी जाण्याआधी ताईनं चमचाभर मध चाटवला आणि बजावलं, "आजीची शपथ, हलू नकोस."

सहा मिनिटं मी पापणीसुद्धा जपून लववली.